कपाटावर बुक्की, करंगळीखालचं हाड मोडलं. ऑपरेशन करावं का?

तगर
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. धाकटा भाऊ, वय २४. परवा रात्री ऑफिसच्या कॉलवर कोणाशी तरी वाजलं आणि कॉल संपल्यावर साहेबांनी लोखंडी कपाटावर बुक्की हाणली. आईला सांगितलंय, हात दारात सापडला.

एक्स-रेत उजव्या हाताचं पाचवं मेटाकार्पल, म्हणजे करंगळीच्या मागे तळहातात असतं ते हाड, मानेपाशी मोडलंय. वाक ३५ अंश असं रिपोर्टात लिहिलंय. पहिल्या हॉस्पिटलात म्हणाले, उद्याच दाखल करा, प्लेट बसवू, नाहीतर हात कायमचा वाकडा. संध्याकाळी दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले, कशाला? स्लॅब (एका बाजूचं अर्धं प्लास्टर) घालतो, तीन आठवड्यांनी या. एक्स-रे तोच, मतं दोन टोकांची. घरात आता दोन पक्ष पडलेत आणि बाबा तटस्थ आहेत.

भाऊ दिवसभर की-बोर्डवर असतो, रविवारी क्रिकेट खेळतो. बाकी हाताला काही काम नाही, घरातलं तर नाहीच. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

खारीबिस्किट
कपाट कसं आहे आता?

तगर
पोचा आलाय. उघडतंय अजून.

कोल्हापुरी_रांगडा
ताई, काय घाबरू नका. मला कबड्डीत हेच हाड मोडलं होतं, पकड करताना. प्लास्टर घातलं, काढलं, विषय संपला. मूठ वळली की करंगळीचा उंचवटा दिसत नाही एवढंच. ट्रॅक्टर चालवतो, जनावरांचं बघतो, कुठं काय अडत नाही. आमच्याकडं हात जातात ते कडबाकुट्टीत. तसल्या केसा बघितल्या की हे असलं मोडणं म्हणजे खरचटल्यासारखं वाटतंय.

नीलकंठ_ठाणे
रांगडा, तुमचं नीट झालं म्हणजे सगळ्यांचं होईल असं नाही. माझ्या मेव्हण्याला दोन तारा घालून हाड बसवलं, नंतर तारा काढल्या. हात एकदम सरळ आहे. २४ वर्षांच्या पोराने आयुष्यभर वाकडं हाड का बाळगायचं? सोय आहे तर करून घ्यावं.

रात्रवैरी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हाडवैद्यवाले कधी येतात बघू.

मिरजकर_काका
आलो. चेष्टा करायचं कारण नाही. आमच्या भागात तीन पिढ्या हाडं बसवणारे लोक आहेत. आंबेहळदीचा लेप, बांबूच्या कामट्या, वर घट्ट पट्टी. वडिलांचा हात असाच बसवला होता. ऑपरेशन नाही, बिल नाही.

झुळूक
काका, राग मानू नका, पण मी फिजिओ आहे आणि त्या घट्ट पट्टीनंतरचे हात माझ्याकडे येतात. एकाची बोटं निळी पडेपर्यंत पट्टी सोडली नव्हती, कारण ‘ठणका लागणारच, सहन करा’ असं सांगितलं होतं. पट्टी बांधल्यावर ठणका वाढत गेला, बोटं बधिर झाली की ती तेव्हाच सोडायची, मग ती वैद्याने बांधलेली असो की सर्जनने.

लेपाने सूज थोडी उतरत असेल, त्याबद्दल भांडण नाही. पण हाड सरकलंय का आणि किती, हे वरून चाचपून नेहमी कळत नाही, सुजलेल्या हातात तर नाहीच.

अस्थिपंजर
ऑर्थोपेडिकवाला आहे. तगर, तुमच्या भावाला न तपासता मी निर्णय देणार नाही, पण दोन डॉक्टर दोन टोकांना का गेले ते सांगू शकतो.

हातात २७ हाडं असतात. मनगटाची ८, बोटांची १४ आणि मधली ५ ही मेटाकार्पल्स. प्रत्येकाचं मनगटाकडचं टोक म्हणजे बूड, मधला दांडा, मग मान आणि बोटाकडचं डोकं. मूठ वळल्यावर दिसतात ते उंचवटे म्हणजे ही डोकीच. दांड्याला किंचित बाक असतो, म्हणून तळहात सपाट न राहता खोलगट होतो.

आता मुद्द्याचं. या पाचांची मनगटाशी असलेली जोडणी एकसारखी नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाची (दुसरं, तिसरं) हाडं मनगटात जवळजवळ पक्की रोवलेली असतात. अनामिकेचं थोडं हलतं, करंगळीचं २०–३० अंश हलतं. हळूहळू मूठ आवळून बघा, करंगळीकडची बाजू आत येते आणि तर्जनीकडची जागची हलत नाही. त्यामुळे करंगळीच्या हाडाच्या मानेला वाक राहिला तरी बुडाचा सांधा तो सांभाळून घेतो. तिथे ३०–४० अंश बहुतेक सर्जन चालवून घेतात, काही जण त्याहूनही जास्त. हाच वाक तर्जनीच्या हाडाला असता तर १०–१५च्या वर कोणी सोडला नसता. तुमचे ३५ अंश अगदी कुंपणावर आहेत, म्हणून दोन मतं.

पण अंशांवर भांडण्याआधी एक गोष्ट बघायची असते, ती एक्स-रेत नीट दिसतच नाही: हाड पिळलंय का? वाकणं वेगळं, पिळणं वेगळं. भावाला शक्य तेवढी मूठ हळू वळायला सांगा आणि नखांकडे बघा. चारही बोटं अंगठ्याच्या बुडाकडे, मनगटातल्या एका बिंदूकडे रोख धरून वळली पाहिजेत. करंगळी अनामिकेखाली शिरत असेल किंवा फटकून बाहेर जात असेल तर पीळ आहे. हाडात पाचच अंशांचा पीळ असला तरी बोटाच्या टोकाशी दीड सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. तो आपोआप सुटत नाही. पीळ असेल तर ऑपरेशनच्या बाजूने माझं मत जाईल, मग वाक १० अंश का असेना.

आणि आईला खरं सांगा. ‘दारात सापडला’ हे आम्हाला रोज ऐकायला मिळतं. दारात सापडलेलं हाड असं मोडत नाही.

खारीबिस्किट
डॉक्टर, म्हणजे तुम्हाला एक्स-रेवरून राग दिसतो.

अस्थिपंजर
बऱ्यापैकी. याला इंग्रजीत बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात, पण शिकलेल्या बॉक्सरला हे सहसा होत नाही. तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांनी मारतो, मागे मनगट आणि हात सरळ रेषेत असतात. आपल्यासारखा रागावलेला माणूस हात गोल फिरवून हाणतो आणि सगळा मार करंगळीच्या उंचवट्यावर जातो. ते हाड बारीक, बुडाला हलणारं, मग मानेत मोडतं. भिंत, कपाट, परीक्षेच्या निकालानंतर हॉस्टेलचं दार, सगळे नमुने येतात. बहुतेक तरुण मुलगे, बहुतेक उजवा हात.

रात्रवैरी
थोडक्यात, मारायचं तर नीट शिकून मारा.

अस्थिपंजर
उशीला मारा.

डग्गा
डॉक्टरांनी पिळाबद्दल लिहिलंय ते मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी तबला वाजवतो, शिकवतोही. पावसात स्कूटर घसरली आणि उजव्या हाताच्या अनामिकेच्या मेटाकार्पलच्या दांड्याला तिरकी, गोलाकार चीर गेली. जवळच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. हाड जुळलं, एक्स-रे बघून सगळे खूश. प्लास्टर काढल्यावर तबल्याला हात लावला आणि ‘ना’ निघेना. उजव्या हाताचं ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेवर हलकी टेकवायची असते आणि तर्जनीने किनारीवर आघात करायचा असतो. माझी अनामिका टेकायला गेली की नख आडवं व्हायचं आणि ती मधल्या बोटाच्या पोटाखाली शिरायची. मूठ वळली की दोन बोटं एकमेकांवर चढायची. टाळी वाजवताना, जेवताना काहीच जाणवायचं नाही. घरचे म्हणायचे, तुझा भ्रम आहे.

शेवटी हाताच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी मूठ वळायला लावली. जुळलेलं हाड पुन्हा कापून, फिरवून प्लेट लावावी लागली. आता वाजवतो. द्रुत लयीत पूर्वीइतकी सफाई नाही, पण मैफलीत लोकांना कळत नाही. शिष्यांना कळतं.

तगर, तुमच्या भावाची मूठ आजच तपासा. माझी कोणी पहिल्या दिवशी तपासलीच नव्हती.

नीलकंठ_ठाणे
डग्गा, अंगावर काटा आला. पण मग माझा मुद्दा बरोबरच ना? सुरुवातीलाच प्लेट घातली असती तर हे टळलं असतं.

डग्गा
सुरुवातीला कोणी मूठ बघितली असती तरी टळलं असतं. माझी मोड वेगळी होती, तिरकी, दांड्यातली. ती पिळायला बघतेच. यांची मानेतली आहे.

झुळूक
नीलकंठ, प्लेट म्हणजे फुकटात सरळ हाड असा हिशोब नाही. हाताच्या मागच्या बाजूला कातडी पातळ असते आणि बोटं सरळ करणाऱ्या शिरा (टेंडन, रक्ताच्या नव्हेत) हाडाला लगटून जातात. तिथे प्लेट बसली की त्या शिरा तिला चिकटू शकतात, मग बोट ना पूर्ण वळतं ना पूर्ण सरळ होतं. हाड एक्स-रेत रेघेसारखं सरळ आणि मूठ अर्धी, असे पेशंट मी बघते. प्लेट लागते तेव्हा लागतेच, डग्गांना लागली. पण नको तिथे घातली तर त्रास पदरात पडतो.

स्लॅब घालणार असाल तर एक गोष्ट बघून घ्या. तळहात आणि बोट जिथे जोडतात तो सांधा स्लॅबमध्ये वाकलेला हवा, साधारण ७०–९० अंश, आणि पुढची पेरं सरळ. दिसायला विचित्र वाटतं. कारण असं की त्या सांध्याच्या दोन्ही कडांचे बंध बोट वाकलेलं असताना ताणलेले असतात आणि सरळ असताना सैल. सैल अवस्थेत आठवडेच्या आठवडे बांधून ठेवलं की ते आखडतात, मग बोट वाकता वाकत नाही. हात फळीसारखा सपाट ठेवून केलेलं प्लास्टर दिसलं तर प्रश्न विचारा. आणि जी बोटं मोकळी आहेत ती पहिल्या दिवसापासून हलवायची. हात खाली लोंबकळत ठेवायचा नाही, उंच ठेवायचा.

मिरजकर_काका
पटलं. वडिलांचं बोट वाकत नव्हतं शेवटपर्यंत, हे आता आठवलं. कांडवेलीचा काढा दिला तर चालेल का? तिला आम्ही हाडसांधी म्हणतो.

अस्थिपंजर
काका, दिला तरी वाकडं हाड त्याने सरळ होणार नाही आणि सरळ हाड तसंही साधारण तीन ते सहा आठवड्यांत धरतं. त्यापेक्षा तंबाखू-सिगारेट असेल तर ती थांबवा, हाड जुळायला तिचा अडथळा होतो.

खारीबिस्किट
एक गंभीर शंका. शाळेत मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजायला शिकवलं होतं. उंचवटा म्हणजे ३१, खळगा म्हणजे ३० (फेब्रुवारी सोडून). तर्जनीपासून मोजत गेलं की करंगळीचा उंचवटा म्हणजे जुलै. रांगडाभाऊंचा उंचवटा बसलाय. मग तुमच्याकडे जुलै किती दिवसांचा?

कोल्हापुरी_रांगडा
३०चा. पगारी गड्यास्नी परवडतंय.

सुलभा_मडगाव
अवांतर होतंय, पण उंचवट्यावरून विचारते. माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेचा उंचवटा लहानपणापासूनच नाही. कधी मोडलेलं नाही, दुखत नाही. मूठ वळली की तिथे खळगा पडतो. आज हा धागा वाचून घाबरले.

अस्थिपंजर
घाबरू नका. चौथं मेटाकार्पल जन्मतःच आखूड असणं काही जणांत दिसतं आणि बऱ्याचदा त्याचा काही अर्थ नसतो. मात्र टर्नर सिंड्रोममध्ये (मुलींमधला गुणसूत्रांचा जन्मजात दोष) आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड हार्मोनच्या काही आजारांतही हे हाड आखूड असतं. उंची घरातल्यांसारखी असेल, पाळी वेळेवर सुरू झाली असेल आणि कॅल्शियम ठीक असेल तर विषय सोडून द्या. पुढच्या रक्ततपासणीत कॅल्शियम बघून घ्या, एवढंच.

सुलभा_मडगाव
उंची पाच फूट पाच इंच, दोन मुलं. सोडला विषय. धन्यवाद!

न्यूजर्सीचा_नाना
हाताच्या एक्स-रेचा विषय निघालाय तर, एक्स-रेचा शोध लावणाऱ्या रोंटगेनने २२ डिसेंबर १८९५ला काढलेला तो प्रसिद्ध एक्स-रे त्याच्या बायकोच्या हाताचाच. मेटाकार्पल्स दिसतात आणि बोटात अंगठी.

आणि बोटं कडाकडा मोडण्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? अमेरिकेत डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरने ६० वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. शेवटी दोन्ही हात तपासले, कुठेच संधिवात नाही. २००९ला इग नोबेल (गमतीशीर संशोधनाचं बक्षीस) मिळालं. आमची आजी नातवंडांची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडायची, तिच्या सांध्यांनाही काही झालं नव्हतं.

रात्रवैरी
६० वर्षं घरच्यांनी ऐकून कसं घेतलं, त्याला बक्षीस पाहिजे.

बोरूबहाद्दर
एक सावधगिरीची गोष्ट. आमच्या गोविंदा पथकात थर कोसळला तेव्हा एकाची मूठ खालच्याच्या तोंडावर आदळली. मधल्या बोटाच्या उंचवट्यावर दाताची जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची जखम. बँड-एड लावली आणि पुढच्या हंडीला गेला. तिसऱ्या दिवशी हात टम्म, बोट हलवलं की किंचाळायचा. सांधा उघडून धुवावा लागला.

अस्थिपंजर
बोरूबहाद्दरांनी लिहिलेलं सगळ्यांनी वाचा. उंचवट्यावर दाताची जखम, कितीही लहान असो, त्याच दिवशी दाखवायची. मूठ वळलेली असताना दात थेट सांध्यात पोचतो. मग बोट सरळ केलं की वरची कातडी आणि शीर सरकते, भोक झाकलं जातं आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. वरून जखम एवढीशी दिसते. तगर, कपाटालाच मारलंय ना नक्की? हातावर जखम आहे का?

तगर
नक्की कपाट, साक्षीदार मी. जखम नाही, नुसती सूज आणि काळंनिळं.

आईची_आई
माझं दुखणं करंगळीकडे नाही, अंगठ्याकडे. वय ५८. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या जरा पुढे, नारळ खवताना आणि बरणीचं झाकण फिरवताना जीव जातो. कपडे पिळणं तर सोडूनच दिलंय. सुनेला वाटतं मी कामं टाळते. तेही मेटाकार्पलच का?

अस्थिपंजर
बहुतेक तेच, पहिल्या मेटाकार्पलचं बूड. इतर चारांपेक्षा अंगठ्याचा हिशोब वेगळा. त्याचा मनगटाशी असलेला सांधा खोगिराच्या आकाराचा, सगळ्या दिशांना हलणारा, म्हणून अंगठा प्रत्येक बोटाला टेकतो. त्याची किंमतही तिथेच चुकवावी लागते. चिमटीत टोकाला एक किलोचा जोर लावला तर बुडाशी सुमारे बारा किलो येतो. पन्नाशीनंतर बायकांमध्ये हा सांधा झिजणं खूप कॉमन आहे. सुनेला हा प्रतिसाद दाखवा.

अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट कामाच्या वेळी वापरा, झाकणं उघडायला रबरी पकड घ्या, खोबरं खवायला मोठ्या मुठीची खवणी किंवा सरळ मिक्सर. त्याने भागलं नाही तर इंजेक्शन आणि अगदी शेवटी ऑपरेशन असतं. आधी तपासून मात्र घ्या, कारण मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला शिरा सुजूनही जवळपास असंच दुखतं. लहान बाळं उचलणाऱ्या आयांना ते जास्त होतं.

हेच बूड तरुणपणी पडून मोडलं आणि मोड सांध्यात गेली तर डब्लिनच्या बेनेट या सर्जनचं नाव लागतं, १८८२ पासून. तिथे मात्र ‘स्लॅब घालून बघू’ सहसा चालत नाही. अंगठा ओढणारा स्नायू हाड जागेवरून खेचत राहतो, त्यामुळे बऱ्याचदा तारा घालाव्याच लागतात.

आईची_आई
नातू उचलते तो वेगळाच. सुनेला वाचून दाखवलं. आजचा नारळ तिने खवला.

पाटी_पेन्सिल
डॉक्टर, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या एक्स-रेत अंगठ्याच्या हाडाला बुडाशी आडवी चीर दिसली आणि मी रडायची बाकी होते. तंत्रज्ञ म्हणाला, सगळ्या मुलांना असते.

अस्थिपंजर
बरोबर म्हणाला. ती वाढीची पट्टी. अंगठ्याच्या मेटाकार्पलला ती बुडाशी असते, बाकी चारांना डोक्याच्या बाजूला. सोळा-सतरापर्यंत मिटते, मुलींची साधारण आधी. पण बोट ठेवल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल तर मोड नाही असं मी न तपासता म्हणणार नाही.

तगर
सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

डग्गांचा प्रतिसाद वाचून भावाला मूठ वळायला लावली. पूर्ण वळत नव्हती, पण नखं एका रांगेत होती, करंगळी कुठे शिरत नव्हती. मग तिसरीकडे, फक्त हाताचंच काम करणाऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनीही एक्स-रेआधी मूठ बघितली, करंगळी सरळ करायला लावली आणि नव्याने एक बाजूचा एक्स-रे काढला. पीळ नाही, म्हणून ऑपरेशन नाही. सुजेमुळे थोडे दिवस स्लॅब, झुळूकनी सांगितला तसाच वाकवलेला, आणि त्यानंतर करंगळी अनामिकेला पट्टीने बांधून हलवायला सुरुवात. उंचवटा बसलेला राहील आणि तळहातात बारीकसा गोळा हाताला लागेल, हे आधीच सांगितलं. बॅट धरताना तो टोचला तर मूठ जाड करून घे म्हणाले. बाबांनी पहिल्यांदाच मत दिलं: नवीन कपाटाचे पैसे हा देणार.

आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, मला पोचा बघूनच कळलं होतं.

नीलकंठ_ठाणे
पीळ नसेल तर ठीक आहे. मेव्हण्याचा वाक किती होता ते मी विचारलंच नव्हतं, विचारतो. मत अजून बदललेलं नाही, नोंद घ्यावी.

डग्गा
तगर, छान झालं. डॉक्टर, माझी प्लेट अजून आत आहे. काढायची का?

अस्थिपंजर
टोचत नसेल, बोट पूर्ण वळत असेल आणि वाजवताना शीर घासत नसेल तर राहू द्या. काढणं म्हणजे पुन्हा तीच कातडी, त्याच शिरा.

धुकं_पाचगणी
सगळा धागा वाचायला वेळ नाही, माफ करा. आत्ता बाईकवरून पडलोय, हाताच्या मागे सूज आहे. मोडलंय की मुका मार, घरी कसं ओळखायचं?

अस्थिपंजर
घरी खात्रीने ओळखता येत नाही. बोटं हलतात म्हणजे मोडलं नाही, हे खरं नाही. बोटात अंगठी असेल तर आत्ता साबण लावून काढा, सूज वाढली की कापावी लागते. मग हात उंच ठेवून एक्स-रेला जा.